केनियाच्या कॉफीत करवंद : जगभरच्या कॉफी बिया बेळगावच्या ओट्यावर कशा चाखायच्या

माझ्या सासूबाईंचं माहेर जांबोटीचं, खानापूरच्या रानातलं. मागच्या वर्षी एका दुपारी मी ओट्यावर काचेचे तीन पेले मांडून बसले होते. मधल्या पेल्यात केनियाची कॉफी होती. पाकिटावर चवीच्या जागी 'ब्लॅककरंट' छापलेलं. ते फळ मी कधी खाल्लेलं नाही, त्यामुळं चार घोट घेऊनही ती चव काही सापडेना. सासूबाईंनी चमचाभर कॉफी तोंडात घेतली, जीभ टाळ्याला लावून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे करवंद की! पुरतं काळं झालेलं न्हवं. लाल असतंय बघ ते, चीक गेलेलं, खरं आंबट राहिलेलं."

मी परत घोट घेतला. करवंदच होतं. मे महिन्यात खानापूरच्या बायका पानाच्या द्रोणातून विकायला आणतात तेच.

तेव्हापासून पाकिटावरची चव वाचायची, पण शोधायची आपल्या फळांत, असं मी ठरवून टाकलं. परदेशातल्या बिया चाखायच्या म्हणजे महागडं यंत्र लागतं, इंग्रजी शब्द पाठ करावे लागतात, असा समज झालाय. खमंग, करपट, खवट, कुबट, मातकट, तुरट, आंबूस, कडसर : एवढी शब्दसंपत्ती ज्या भाषेत आहे तिच्यातल्या माणसाला कॉफी चाखायला अडचण कसली? गेल्या काही वर्षांत मी जे करत आले ते पहिल्यापासून सांगते.

सुरुवात घरच्या कॉफीपासून

आपल्याकडं कॉफी म्हणजे दूध उकळायचं, साखर, चमचाभर पावडर आणि वर किसलेलं जायफळ. बाहेर उडपी हॉटेलात गेलं की चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी. मला दोन्ही मनापासून आवडतात. पण त्यांत बी कुठली आहे हे कळायला जागा नसते. चिकोरी ही एका रोपाची भाजलेली मुळी. ती रंग आणि दाटपणा देते, पण कॉफीचं स्वतःचं फळ झाकून टाकते. आपल्याकडच्या कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. आत्ता उठून डबा बघा, बऱ्याच घरांत आकडा वाचून आश्चर्य वाटेल.

पहिला आठवडा एवढंच करायचं : चिकोरी नसलेली, चिकमगळूरची साधी अरेबिका आणायची आणि दिवसातून एक कप बिनदुधाची, बिनसाखरेची प्यायची. पहिले दोन दिवस कडू लागेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडवटपणाच्या मागं काहीतरी आहे हे जाणवायला लागतं. साखर एकदम सुटत नसेल तर रोज थोडी कमी करा, पण जायफळ-वेलची त्या आठवड्यात डब्यातच राहू दे.

चिकमगळूरपासून सुरुवात करायला सांगते त्याला कारण आहे. ते आपल्याच राज्यातलं, एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावरचं. देशातली साधारण ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. ती ताजी मिळते आणि परवडते. परदेशी बियांवर आयातशुल्क जबर असल्यामुळं त्या महाग पडतात. जीभ तयार व्हायच्या आधी त्यांवर पैसे घालू नयेत.

पाकीट वाचायचं कसं

पाकिटावर सगळ्यात आधी भाजल्याची तारीख शोधा. 'बेस्ट बिफोर' नको, रोस्ट केल्याची तारीख हवी. माझं पहिलं 'परदेशी' पाकीट तारखेशिवायचं होतं. सुंदर डबा होता, वर देशाचा नकाशाही होता. उघडला तर आत जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास. दुकानाचं नाव घेत नाही, पण त्या दिवसापासून तारीख नसलेलं पाकीट मी हातात धरत नाही. भाजल्यावर बियांतून बरेच दिवस वायू बाहेर पडत असतो. म्हणून भाजल्यापासून साधारण आठवडाभर थांबावं आणि महिना-दीड महिन्यात संपवावं.

मग जात बघा. अरेबिका आणि रोबस्टा या दोन मुख्य जाती. अरेबिका उंचावर येते, जास्त सुवासिक असते. रोबस्टा कमी उंचीवर, जास्त कणखर, कडसर, तोंडात जड. अरेबिकात कॅफिन सुमारे सव्वा टक्का, रोबस्टात त्याच्या जवळजवळ दुप्पट. रात्री आठनंतर चाखायला बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

'एए' किंवा 'ए' या अक्षरांना भुलू नका. केनियाच्या पाकिटावरचं 'एए' असो किंवा आपल्याकडचं 'प्लांटेशन ए', ती बीच्या आकाराची प्रत आहे. मोठी बी म्हणजे चांगली चव असं काही नाही. 'पीबी' म्हणजे पीबेरी : फळात एरवी दोन बिया असतात, कधी एकच गोल बी धरते, तिला वेगळं काढून विकतात. आपल्याकडच्या व्यापारातले आणखी दोन शब्द उपयोगी पडतात. 'प्लांटेशन' म्हणजे धुतलेली अरेबिका. 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली. रोबस्टा धुतलेली असेल तर तिला 'पार्चमेंट' म्हणतात.

समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असेल तर तीही वाचा. उंचावर गारवा असतो, फळ सावकाश पिकतं, बी घट्ट भरते आणि तिच्यात आंबटगोडी जास्त येते. चिकमगळूरच्या बाबाबुडनगिरी डोंगरातल्या बागा साधारण १००० ते १५०० मीटरवर आहेत, इथिओपियातल्या यिरगाचेफच्या १७०० च्या वर. या एका आकड्यावरून कप कसा असेल याचा अर्धा अंदाज येतो.

धुतलेली की फळासकट वाळवलेली

मला विचाराल तर देशापेक्षाही हा फरक आधी शिकावा, कारण चवीतला मोठा बदल इथं होतो.

कॉफीचं फळ तोडल्यावर त्याचा गर यंत्रानं काढतात, बीवर जो चिकट थर राहतो तो टाकीत आंबवून सोडवतात, मग स्वच्छ पाण्यात धुऊन बी वाळवतात. ही धुतलेली कॉफी. तिची चव निवळलेल्या सोलकढीसारखी असते : स्वच्छ, आंबटपणा वेगळा कळतो, शेवटी तोंड मोकळं राहतं. दुसऱ्या रीतीत फळ आहे तसंच उन्हात पसरतात. तीन-चार आठवडे हलवत राहायचं. द्राक्षाची मनुका व्हावी तसं फळ बीभोवती सुकतं आणि त्याची गोडी, आंबूसपणा बीत उतरतो. ही नॅचरल. तिला पिकलेल्या फणसाचा, जांभळाचा, कधी तर ताडीचा वास येतो. कोस्टा रिकात मधली वाट धरतात : गर काढायचा, पण चिकट थर थोडा ठेवूनच वाळवायचं. त्याला हनी म्हणतात. त्यात मध घालत नाहीत, तो थर मधासारखा चिकट असतो म्हणून हे नाव.

म्हणून परदेशी पाकीट घ्यायच्या आधी एकदा हे करा. एकाच बागेची, एकाच वर्षाची चिकमगळूरची अरेबिका, एक धुतलेली आणि एक नॅचरल, शंभर-शंभर ग्रॅम मागवा. बेंगळूरच्या बऱ्याच रोस्टरकडं, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्यांकडं, अशी जोडी मिळते. दोन्ही शेजारी ठेवून चाखा. झाड तेच, माती तीच, पाऊस तोच, फक्त वाळवण्याची रीत वेगळी. गुऱ्हाळावर एकाच उसाचा एक गूळ पिवळाधमक कणीदार होतो आणि दुसरा काळसर चिकट होतो, हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कॉफीचं तसंच आहे.

सामान

तीन वस्तूंवर पैसे घाला. बाकी घरात आहे.

पहिली म्हणजे काटा. सराफ वापरतात तसला छोटा डिजिटल काटा पुरतो. 'एक चमचा' हे माप कॉफीला चालत नाही. फिकट भाजलेली बी जड असते, काळी भाजलेली हलकी, त्यामुळं चमचा तोच राहिला तरी वजन बदलतं.

दुसरी म्हणजे हाताचं ग्राइंडर, आत बर, म्हणजे बी चिरडणाऱ्या दातेरी चकत्या, असलेलं. पात्याच्या मिक्सरमध्ये निम्मी पीठ होते आणि निम्मी भरड राहते. पीठ कडू उतरतं, भरड आंबट, आणि दोष आपण बिचाऱ्या इथिओपियाला देतो. ग्राइंडर घ्यायचं नसेल तर मिक्सर दोन-दोन सेकंदच फिरवा, मधे भांडं हलवा आणि शेवटी मैद्याच्या चाळणीनं पीठ काढून टाका. बरंच काम भागतं.

तिसरी वस्तू ऐच्छिक : फ्रेंच प्रेस (जाळीचा दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं भांडं) किंवा व्ही-साठ (कागदी गाळणी लावायचा शंकू). नसेल तर चक्का टांगायचं मलमलचं स्वच्छ फडकं घ्या, साबणाचा वास नसलेलं. पातेल्यात कॉफी, वर गरम पाणी, चार मिनिटं झाकण, मग गाळा.

आणि पाणी. कपात ९८ टक्के तेच असतं. आमच्या बेळगावात नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, आणि जुन्या घरांत विहीर असतेच. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर चहा त्यात तग धरतो, कॉफीचा आंबटपणा मात्र मरून जातो आणि खडूसारखी सपाट चव उरते. आरओचं अगदी हलकं पाणीही नको, त्यात कॉफी पोकळ लागते. मी नळाचं पाणी साध्या फिल्टरमधून गाळून वापरते. एकदा एकच कॉफी घरच्या विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यात करून बघा. फरक सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

तापमानाचीही फार काळजी नको. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, त्यामुळं आपल्याकडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. उकळी फुटली की गॅस बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, बस.

चाखायची बैठक

व्यापारात कॉफी तपासायची एक ठरलेली रीत आहे, तिला कपिंग म्हणतात. ती घरच्या ओट्यावर जशीच्या तशी जमते, आणि एवढ्या वर्षांत तिच्याइतकं मला कशानंच शिकवलं नाही.

सकाळी नाश्त्याच्या आधी किंवा दुपारी चारला बसा. त्या दिवशी फोडणी, उदबत्ती, अत्तर यांपासून ओटा लांब ठेवा. सारख्या आकाराचे काचेचे पेले किंवा चिनी मातीचे कप घ्या. एका वेळी तीन कॉफ्या पुरेत. एकच कॉफी एकटी चाखली तर ती 'कॉफीसारखी' लागते. दोन-तीन शेजारी ठेवल्या की प्रत्येक बोलायला लागते.

दर पेल्यात ११ ग्रॅम कॉफी, पाणी २०० मिलीलिटर. दळण जाड्या रव्याएवढं. पेल्याखाली चिठ्ठी चिकटवा आणि घरातल्या कुणाला तरी पेल्यांची अदलाबदल करायला सांगा, म्हणजे नाव माहीत नसताना चाखता येईल.

पाणी घालायच्या आधी कोरड्या पुडीचा वास घ्या. नाक पेल्यात घालून, लाजायचं नाही. मग पाणी ओता, सगळी पूड भिजली पाहिजे, आणि घड्याळ लावा. वर पुडीची साय धरते. चार मिनिटांनी चमचा घेऊन, नाक पेल्याला लावून, साय पलीकडं तीन वेळा ढकला. त्या क्षणी जो वास सुटतो तो पुन्हा मिळत नाही. माझ्या बैठकीतला मला सगळ्यात आवडणारा क्षण तोच. आमच्या शेजारच्या आक्कांनी इथिओपियाच्या पेल्यावर असं केलं आणि वास घेता घेता थबकल्या. म्हणाल्या, "मल्लिगे हूवु." मोगऱ्याचं फूल. त्यांनी ते कन्नडात म्हटलं, मी मनात मराठीत ऐकलं, आणि पाकिटावर इंग्रजीत 'जास्मिन' छापलेलं होतं.

वरचा फेस दोन चमच्यांनी काढून टाका आणि थांबा. दहा-बारा मिनिटं झाल्याशिवाय तोंडाला लावू नका, गरम कॉफीत जीभ फक्त गरमपणा ओळखते. मग चमचाभर घेऊन जोरात भुरका मारा, कढीचा मारतो तसा. आवाज झालाच पाहिजे, कारण भुरक्याबरोबर कॉफी सगळ्या तोंडात फवारली जाते आणि वास आतून नाकाकडं चढतो. प्रत्येकानं आपापल्या वाटीत काढून घेतलं तर चमचे उष्टे होत नाहीत. वीस मिनिटांनी पुन्हा, अर्ध्या तासानं अगदी कोमट झाल्यावर पुन्हा. चांगली कॉफी निवता निवता गोड होत जाते. वाईट कॉफीचं पितळ गार झाल्यावर उघडं पडतं.

स्वतःला चारच प्रश्न विचारा. आंबटपणा कसला : लिंबाचा, चिंचेचा, कोकमाचा की कच्च्या कैरीचा? गोडी कशाची : साखर, गूळ, काकवी, की भाजलेल्या खोबऱ्याची? तोंडात वजन किती : ताकासारखं, दुधासारखं की सायीसारखं? आणि गिळल्यावर मागं काय राहतं? उत्तर वहीत लिहा, तारखेसकट. जमलं नाही तर रिकामं सोडा. माझ्या वहीत पहिल्या पानावर तीन कॉफ्यांपुढं फक्त 'बरी', 'कडू', 'वेगळी' असं आहे.

कुठली बी कुठून, आणि तिच्यात काय शोधायचं

एकदम सगळा नकाशा नको. मी जोड्या लावते, जोडीत शिकायला सोपं जातं.

पहिली जोडी इथिओपिया आणि ब्राझील. इथिओपिया हे अरेबिकाचं मूळ गाव, तिथल्या डोंगराळ रानात ती आपोआप वाढते. यिरगाचेफ, सिदामा, गुजी ही तिथल्या भागांची नावं पाकिटावर दिसतील. धुतलेली असेल तर मोगरा, लिंबाची साल, पातळ चहासारखं अंग. नॅचरल असेल तर पाकिटावर 'ब्लूबेरी' लिहितात. आपण जून महिन्यातलं टपोरं जांभूळ आठवायचं. ब्राझील जगात सगळ्यात जास्त कॉफी पिकवतो. तिथल्या बागा तुलनेनं कमी उंचीवर, आणि बरीचशी कॉफी फळासकट वाळवलेली. चव गोल, कमी आंबट : भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, कोको, चिक्की. ज्यांना आंबट कॉफी नकोच वाटते त्यांनी ब्राझीलपासून सुरू करावं. आमच्या घरात पुरुषमंडळींना ब्राझील आवडलं आणि बायकांना इथिओपिया. यातून काही सिद्ध होत नाही, पण वहीत नोंद आहे.

दुसरी जोडी केनिया आणि कोलंबिया. केनियातल्या एसएल-२८ आणि एसएल-३४ या जाती १९३० च्या दशकात स्कॉट लॅबोरेटरीजमध्ये निवडल्या गेल्या. 'एसएल' हे त्याच प्रयोगशाळेचं नाव. या कॉफीतला आंबटपणा धारदार आणि रसाळ. करवंदाची गोष्ट वर सांगितलीच. कधी पिकल्या टोमॅटोच्या साराची आठवण येते. कोलंबियाची धुतलेली कॉफी, विशेषतः उइला भागातली, या सगळ्यांत मध्यम : थोडी आंबट, थोडी काकवीसारखी गोड. नेमका समतोल म्हणजे काय ते तिच्यावरून कळतं. रोजच्या प्यायला मला तीच लागते.

तिसरी जोडी माझ्या अगदी जवळची, कारण दोन्ही कॉफ्यांवर पावसाचा हात आहे, आणि जुलैतला पाऊस काय करतो हे बेळगावकराला माहीत आहे. एक सुमात्रा, दुसरी आपली मॉन्सून्ड मलबार. सुमात्रात हवा इतकी दमट की बी सावकाश वाळवणं अवघड. म्हणून शेतकरी बी अर्धवट ओली असतानाच तिचं टरफल काढतात आणि मग उघडी वाळवतात. त्या रीतीला तिथं गिलिंग बासाह म्हणतात. त्यातून येते ती दाट, कमी आंबट, मातकट चव : पहिल्या पावसात भिजलेलं अंगण, ओलं लाकूड, थोडी तंबाखू. निपाणीच्या वखारीवरून गेलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येते. मलबारची कथा उलट्या बाजूनं घडली. शिडाच्या जहाजांच्या काळात आपली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने समुद्रातून युरोपला जायची. दमट हवेनं बी फुगायची, पिवळट व्हायची, आंबटपणा जायचा, आणि तिकडच्या लोकांना तीच चव लागली. पुढं सुएझचा रस्ता झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चवही गेली. मग मंगळूरच्या बाजूला किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत पावसाळी वाऱ्यात बी मुद्दाम पसरून ती चव पुन्हा घडवायला लागले. आजही जून ते सप्टेंबरमध्ये तेच चालतं. सुमात्रा आणि मलबार शेजारी ठेवून चाखा. एकात पाऊस वाळवताना शिरलाय, दुसऱ्यात वाळवून झाल्यावर.

येमेनची कॉफी महाग आणि क्वचित मिळते, पण तिची गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. हॉटेलच्या यादीतला 'मोका' हा शब्द येमेनच्या मोखा बंदराचा. सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुडन यांनी तिकडून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात. पुढं १६९६ आणि १६९९ मध्ये डचांनी मलबार किनाऱ्यावरून रोपं जावाला नेली. तिथलं झाड अॅमस्टरडॅमला गेलं, तिथून पॅरिसला, आणि त्या वंशातली झाडं कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत पसरली. म्हणजे जी कॉफी आपण 'परदेशी' म्हणून चाखतो तिच्यातल्या बऱ्याच झाडांची वाट आपल्या किनाऱ्यावरून गेलेली आहे.

व्हिएतनाम हा दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक, बहुतेक रोबस्टा. ती काळी चाखू नका. तिथल्यासारखी कंडेन्स्ड मिल्कवर थेंब थेंब गाळून प्या. पनामाची गेशा ही अरेबिकाची जात २००४ च्या तिथल्या कॉफी स्पर्धेपासून जगात गाजली. ती फार महाग असते, आयुष्यात एकदा चौघांत मिळून घ्यावी.

आणि परत येताना चिकमगळूर. आता तिथल्या पाकिटावर एस-७९५ लिहिलेलं दिसेल तर थांबा. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातली ही जात १९४० च्या दशकात आली आणि आजही आपल्या डोंगरांत भरपूर आहे. मला तिच्यात काकवी, सुपारी, थोडं मिरं लागतं. कॉफीच्या झाडांवर सावली धरणाऱ्या मोठ्या झाडांना मिरीचे वेल चढवलेले असतात. चवीतलं मिरं तिथून येतं असं म्हणणं शास्त्राला धरून नाही, तरी घोट घेताना ती बाग डोळ्यांसमोर येते.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही चार घरं मिळून घेतो. माझा धाकटा दीर बेंगळूरहून राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं येताना पाकिटं आणतो, २५० ग्रॅमचं एक पाकीट चौघांत वाटलं की प्रत्येकाला साठेक ग्रॅम, म्हणजे पाच पेले. चाखायला पुष्कळ झालं.

रोजची कॉफी

चाखून आवडलेली बी रोज कशी करायची, हे थोडक्यात. फ्रेंच प्रेस : ३० ग्रॅम जाडसर दळण, अर्धा लिटर पाणी, चार मिनिटं, दाबा, लगेच ओता. व्ही-साठ : १५ ग्रॅम मध्यम दळण, आधी ४५ मिली पाणी घालून पाऊण मिनिट फुलू द्या, मग उरलेलं मिळून २४० मिली होईपर्यंत बारीक धारेनं. तीन मिनिटांत गळून व्हायला हवं. फार आधी संपलं आणि आंबट लागलं तर दळण बारीक करा. रेंगाळलं आणि कडू झालं तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय चुकलं कळत नाही.

घरच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये इथिओपियाही छान होते. फक्त डिकॉक्शनमध्ये दूध न घालता गरम पाणी घाला. म्हशीचं दाट दूध फिकट भाजलेल्या कॉफीला बुडवतं. दूध घालायचंच असेल तर गडद भाजलेलं ब्राझील, मलबार किंवा चांगली रोबस्टा घ्या.

पावसाळ्यात सांभाळायचं कसं

जून ते सप्टेंबर आमच्याकडं मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. एकदा मी सुमात्राचं उघडं पाकीट क्लिप लावून कपाटात ठेवलं आणि पंधरा दिवसांनी बिया रबरासारख्या झाल्या, वास कुबट. आता पाकीट फोडलं की लगेच पन्नास-पन्नास ग्रॅमच्या लहान बरण्यांत भरते, घट्ट झाकणाच्या, काठोकाठ, म्हणजे आत हवा कमी राहते. आठवड्याची बरणी बाहेर, गॅसपासून लांब, अंधारात. बाकीच्या फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधली बरणी काढल्या काढल्या उघडायची नाही, खोलीइतकी गरम होईपर्यंत दोन-तीन तास तशीच ठेवायची, नाहीतर बियांवर पाणी धरतं. साध्या फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, तिथं कालच्या सांबाराचा वास कॉफीत उतरतो.

नव्या हंगामाचा अंदाजही ठेवा. आपल्या अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, ब्राझीलची मे ते सप्टेंबर, इथिओपियाची ऑक्टोबर ते जानेवारी. त्यानंतर काही महिन्यांनी त्या त्या देशाची ताजी बी दुकानात यायला लागते. मी वहीच्या शेवटच्या पानावर हे महिने लिहून ठेवलेत.

दीड महिना उलटलेली, वास उतरलेली बी टाकू नका. अर्धा कप पाणी उकळून गॅस बंद करा, १२ ग्रॅम मध्यम दळलेली ब्राझील किंवा मलबार घालून चार मिनिटं झाका, फडक्यानं गाळा. एक कप म्हशीचं दूध साखर घालून वेगळं तापवा, उकळी आली की खाली उतरवून त्यात गाळलेली कॉफी ओता. दोन्ही एकत्र पुन्हा उकळू नका. वरून जायफळ ताजं किसा, दोन-तीन वेळा घासलं की पुरे. संध्याकाळी सहाला सासूबाईंना त्यांची कॉफी अशीच लागते, आणि त्या वेळी बी कुठल्या देशाची हे त्या विचारत नाहीत.